स्पीकरवर १०० वॅट लिहिलंय, मग अँप्लिफायर किती वॅटचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. स्पीकरच्या पाठीवरचा तो आकडा अँप्लिफायर निवडायला फारसा कामाचा नाही. स्पीकर १०० वॅट मागतो असा त्याचा अर्थ नाही. तेवढ्यापर्यंत त्याची कॉइल जळत नाही, इतकंच तो सांगतो.

पाहायची ती सेन्सिटिव्हिटी: २.८३ व्होल्ट दिले की १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. ८ ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप) हे व्होल्ट म्हणजे १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॅट होतात, म्हणून तो कागदावर ३ डेसिबलने उगाच भारी दिसतो.

समजा स्पीकर ८७ डेसिबलचा आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात या अंतरात साडेनऊ डेसिबल गळले असते. खोलीत भिंती थोडे परत देतात, म्हणून ६ धरा. दोन स्पीकरचे ३ परत मिळवा. म्हणजे प्रत्येकी १ वॅटला कानापाशी ८४ डेसिबल. घरात ८० डेसिबल सरासरी म्हणजे चांगलंच मोठ्याने, आणि त्याला अर्धा वॅटही लागत नाही!

मग मोठा अँप्लिफायर कशाला? तबल्याच्या थापेसाठी. संगीतातली शिखरं सरासरीच्या १० ते २० डेसिबल वर जातात. १०० डेसिबलचं शिखर गाठायला वरच्या हिशेबात १६ डेसिबल कमी पडतात, म्हणजे ४० वॅट. स्पीकर ८३ डेसिबलचा असेल तर १००, ९३ चा असेल तर १०. ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा आणलात तर हाती फक्त ३ डेसिबल येतात. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट हवेत. बासचा नॉब ६ डेसिबल वर फिरवलात, की खालच्या सुरांना चौपट वॅट लागतात. बरेच अँप्लिफायर तिथेच दमतात.

दमला की लाटेचे शेंडे कापले जातात, याला क्लिपिंग म्हणतात. बास कापला जातो, पण नॉब वर चढवत राहिलं की वरचे सूर वाढतच जातात आणि नाजूक ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) तापून जातो. लहान अँप्लिफायरने स्पीकर जळतो तो असा.

अँप्लिफायरचे वॅट वाचताना दोन्ही चॅनेल (डावा-उजवा) एकाच वेळी, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झ असं लिहिलंय का ते बघा. एकच चॅनेल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) असेल तर आकडा फुगवलेला आहे. ‘पीएमपीओ’ (जाहिरातीतला फुगवलेला शिखर-वॅटचा आकडा) दिसलं तर वाचूच नका.

नक्की मोजायचं असेल तर टोनचे नॉब मध्यावर ठेवून तुमच्या सवयीच्या सर्वांत मोठ्या आवाजावर व्हॉल्यूमची खूण करा. अँप्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी काढा (व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा असेल तर हा प्रयोग करूच नका, लोडशिवाय तो बिघडू शकतो). मग त्याच खुणेवर ६० हर्ट्झचा, उणे २० डेसिबलचा (म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीच्या एक दशांश व्होल्टचा) सूर लावून अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा आणि १० ने गुणा. १.४ आले तर १४ व्होल्ट. १४ गुणिले १४ भागिले ८ (स्पीकरचे ओहम), म्हणजे जेमतेम २५ वॅट. उत्तर अँप्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त आलं, तर शिखरं आत्ताही कापली जातायत.