तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला जर्मनीत कुठल्या शहरात पाठवू?

रविवारी संध्याकाळी कराडहून फोन आला की विषय काय असणार ते आता मला उचलायच्या आधीच कळतं. कुणाच्या तरी मुलीला जर्मनीत ॲडमिशन मिळालेली असते, कधी कधी दोन ठिकाणी, आणि काकू विचारतात, "तू तिकडं राहून आलीस ना, स्वस्त आणि सेफ शहर कुठलं गं?" फोनवर घाईघाईत काहीतरी सांगायचं राहूनच जातं, म्हणून एकदा नीट लिहिते.

मी ऑक्टोबर 2022मध्ये मास्टर्ससाठी मॅग्डेबुर्गला गेले, अडीच वर्षं राहिले. एल्बे नदीकाठचं, पूर्वीच्या पूर्व जर्मनीतलं शहर, बर्लिनपासून साध्या ट्रेननं पावणेदोन तासांवर. जायच्या आधी हे नाव आमच्या घरात कुणी ऐकलेलंही नव्हतं, आणि बाबांना तेव्हा म्युनिकच हवं होतं कारण ते नाव चार लोकांना सांगता येतं.

पैशाचं आधी सांगते. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही हे सगळे ऐकून असतात, पण ते सगळीकडे खरं नाहीये. स्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग ही शहरं ज्या राज्यात आहेत तिथे आपल्या मुलांना सेमिस्टरला 1500 युरो लागतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं 2024च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सला 4000 ते 6000 युरो लावलेत, तेही प्रत्येक सेमिस्टरला. दुसरं म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधीच भरून ठेवायचे, शंभर रुपयांनी युरो धरला तरी बारा लाख झाले, आणि तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला 992 तुमच्या हातात येतात. आता हा 992चा आकडा सगळ्या शहरांना एकच आहे, म्युनिकला जा नाहीतर मॅग्डेबुर्गला जा. म्हणून शहर स्वस्त की महाग हे भाडं गेल्यावर हातात काय उरतं त्यावर ठरतं. मी हॉस्टेलच्या रूमचे 290 भरायचे, हेल्थ इन्शुरन्सचे दीडशे धरा, तरी साडेपाचशे उरतात आणि त्यात जेवणखाण, फोन, थंडीचे बूट सगळं आरामात बसतं. म्युनिकमध्ये शेअर केलेल्या फ्लॅटमधली एक रूम 700-800ला जाते, इन्शुरन्स तेवढाच, मग उरले किती? शंभरच्या आसपास. मग पहिल्या महिन्यापासून काम शोधायचं, आणि परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा शिफ्ट सोडता येत नाही.

पण हेही खरं की लहान शहरात पार्टटाइम काम जर्मन आल्याशिवाय मिळणं अवघड आहे, पूर्वेकडे तर जास्तच. मला पहिले सात महिने काही मिळालं नाही. त्यामुळे स्वस्त शहर घेणार असाल तर बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल त्या लेव्हलपर्यंत, जर्मन इथूनच करून जा, मुलं हे टाळतात आणि मग रडतात.

आता रूम. यावर मी सगळ्यात जास्त बोलते कारण माझं स्वतःचं यात झालंय. हॉस्टेलचा नंबर डिसेंबरचा होता, म्हणून दोन महिन्यांसाठी शहराच्या टोकाला एकाची रूम घेतली, आणि तिथे गेल्यावर तो म्हणाला की नोंदणीच्या कागदावर सही देणार नाही. जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, अनमेल्डुंग म्हणतात त्याला, आणि घरमालकाच्या सहीशिवाय ती होत नाही, ती नाही तर टॅक्स नंबर नाही आणि पुढे व्हिसा वाढवायलाही अडकतं. मी नोव्हेंबरमध्ये तीन वेळा ऑफिसातून परत आले आणि आईला फोनवर सगळं छान चाललंय म्हणून सांगत राहिले. माझ्या एका मैत्रिणीचे तर 900 युरो डिपॉझिट म्हणून गेले, रूम अस्तित्वातच नव्हती. म्हणून रूम न बघता, निदान व्हिडिओ कॉलवर आपल्या कुणीतरी तिथे उभं राहून दाखवल्याशिवाय एक युरो पाठवू नका, आणि सही देणार का हे लिहून घ्या.

सेफचं विचारताना लोकांच्या डोक्यात चोरीमारी असते. मला मात्र त्या टोकाच्या घराचा रस्ता आठवतो. लायब्ररीतून रात्री अकराला निघायचं, ट्राम कमी झालेल्या, स्टॉपवरून बारा मिनिटं चालत, नोव्हेंबरच्या शेवटी चारलाच अंधार पडतो त्यामुळे तो अंधार आधीच सात तासांचा जुना झालेला, आणि रस्त्यावर एक माणूस नाही. काही झालं नाही कधी, पण मी रोज आईशी बोलत बोलतच जायचे, तिकडे कराडला पहाटेचे साडेतीन वाजलेले असायचे आणि ती फोन घेऊन जागी असायची. डिसेंबरात कॅम्पसजवळच्या हॉस्टेलला गेले, चार मिनिटांचा रस्ता, दिवे, येणारी जाणारी मुलं, आणि त्याच शहरात मला शांत झोप लागायला लागली.

आणि एक गोष्ट लपवत नाही. 20 डिसेंबर 2024ला मॅग्डेबुर्गच्या ख्रिसमस मार्केटमध्ये एकानं गाडी घुसवली, सहा जीव गेले. मी तिथून दोन स्टॉपवर होते. त्यानंतर परदेशी दिसणाऱ्या लोकांकडे बघायची नजर काही दिवस बदलली, ट्राममध्ये एक माणूस माझ्या अंगावर ओरडला, आणि शेजारी बसलेल्या आजी उठून माझ्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. दोन्ही त्याच ट्राममध्ये. पूर्वेकडच्या शहरांबद्दल कुणी विचारलं की मी दोन्ही सांगते.

मागच्या रविवारच्या काकूंच्या मुलीला म्युनिक आणि पूर्वेकडचं केमनिट्स अशी दोन पत्रं आलीत. मी तिला म्हटलं, दोन्हीकडचा पत्ता मॅपवर टाक, मंगळवारी रात्री अकराला कॉलेजातून घरी कसं जायचं ते बघ, आणि 992मधून भाडं वजा कर. तिनं त्याच रात्री केमनिट्सच्या हॉस्टेलचा फॉर्म भरला. वेटिंग नंबर अजून आलेला नाही, ती रोज सकाळी मेल उघडून बघते आणि मला मेसेज करते.