व्हिएन्ना, ताप आणि तो न आलेला फोन

व्हिएन्नाला जाऊन आले म्हटलं की लोक पहिलं विचारतात, शॉनब्रुन पॅलेस कसा आहे? मला माहीत नाही. रविवारी सकाळी 10:20 चं आमचं तिकीट होतं. त्या वेळी मी हॉटेलच्या खोलीत ताईचंही पांघरूण अंगावर ओढून, फोन हातात धरून, विमा कंपनीच्या डॉक्टरांच्या फोनची वाट बघत पडले होते.

तापावर माझा राग नाही. घसा विमानातच खवखवत होता आणि तरीही शनिवारी ताईच्या नादाने स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या 343 पायऱ्या चढले, तो मूर्खपणा माझाच. संध्याकाळी हुडहुडी भरली. बॅगेत मेतकूट होतं, लसणाची चटणी होती, थेपले होते. क्रोसिनची एक पट्टी नव्हती. ‘तिथे सगळं मिळतं गं,’ असं मीच ताईला म्हटलं होतं.

राग आहे तो इन्शुरन्सच्या हेल्पलाइनवर. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा मेडिकल इन्शुरन्स काढावाच लागतो. पैसे भरलेत तर वसूल करू, या शुद्ध मध्यमवर्गीय विचाराने सकाळी साडेसातला फोन लावला. मुलगी गोड बोलत होती. पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख. मी व्हिएन्ना सांगितलं, तिने व्हेनिस लिहिलं. मग ‘व्ही फॉर विजय, आय फॉर इंडिया’ असं करत पूर्ण शहर तिला लिहून दिलं. शेवटी म्हणाली, “केस रजिस्टर झाली मॅडम. दोन तासांत डॉक्टरांचा फोन येईल. तोपर्यंत कुठे जाऊ नका, अप्रूव्हल नसेल तर क्लेम बसणार नाही.”

या एका वाक्याने मला त्या खोलीत डांबलं. बाथरूमला जातानासुद्धा फोन हातात. ताईला म्हटलं तू तरी जा, तर ती हलेना. 10:20 झाले, तिकिटं वाया गेली. अकराला मीच परत फोन केला. आता दुसरा माणूस, परत विजय, परत इंडिया. त्याला पासपोर्टची सगळी पानं एका पीडीएफमध्ये हवी होती. सगळी म्हणजे कोरीसुद्धा. ताईने पलंगावर पासपोर्ट उघडून, टेबललॅम्प वाकवून एकेक पान काढलं. व्हिसाच्या पानावर तिच्या अंगठ्याची सावली पडली म्हणून ते तीनदा. पाठवलं, तर उत्तर आलं की फाइल मोठी आहे. कमी करून पाठवली. दीड वाजता एका क्लिनिकचा पत्ता आला, तो लिंझचा! व्हिएन्नाहून ट्रेनने सव्वा तास.

मग मी आवाज चढवला, तेव्हा त्याने सहज सांगितलं की तसेही पहिले 100 डॉलर आपल्यालाच भरावे लागतात. अहो, मग घसा बघायला डॉक्टर घेतो किती? मी सकाळपासून वाट कशाची बघत होते? “तरी मॅडम, प्रोसेस असते.” पॉलिसीच्या कागदावर ‘डिडक्टिबल’ असा शब्द दिसला की त्यापुढचा आकडा निघायच्या आधी वाचा. अॅडमिट व्हायची वेळ आली तर हा विमा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण छातीत दुखतंय, श्वास लागतोय असं काही असेल तर आधी तिथल्या अँब्युलन्सला 144 किंवा 112 वर फोन, विमावाल्यांना मागाहून.

शेवटी ताईने कोट माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाली, “ऊठ. औषध आणू. तुझा फोन येऊ दे नाहीतर न येऊ दे.”

ऑस्ट्रियात साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, फक्त ‘आपोथेके’त, म्हणजे औषधाच्या दुकानात, आणि रविवारी आपोथेके बंद. पण बंद दुकानाच्या दारावरच आज जवळचं कुठलं उघडं आहे ते लावलेलं असतं. फोनवर विचारायचं तर 1455. आम्ही दहा मिनिटं चाललो. तिथेही दार बंदच. घंटा वाजवली, तर दारातली एक छोटी खिडकी उघडली आणि पांढऱ्या कोटातल्या बाईचा चेहरा दिसला. मी ताप सांगितला, 101.4; ती दचकली. मग फोनवर सेल्सिअसमध्ये बदलून दाखवलं, 38.6. तिने दोनच प्रश्न विचारले: कशाची अॅलर्जी? रोजच्या गोळ्या कुठल्या? बीपीची म्हटल्यावर हातात घेतलेलं सर्दीचं पाकीट तिने परत ठेवलं. नाक मोकळं करणाऱ्या त्या गोळ्यांनी बीपी चढू शकतं. पॅरासिटामॉल, नाकात मारायचा मिठाच्या पाण्याचा स्प्रे, चघळायच्या गोळ्या. मी आपल्या सवयीने अँटिबायोटिक मागून बघितलं. प्रिस्क्रिप्शनशिवाय नाही, आणि ताप तीन दिवसांत उतरला नाही तर 1450 या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, म्हणाली. चार-पाच मिनिटांत काम झालं. अवेळी उघडल्याचे थोडे जास्त पैसे लागतात, मी आनंदाने दिले.

रविवारी दुकानं बंद असली तरी मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केट उघडी असतात. मुख्य स्टेशनवरून तयार भात आणि लोणी आणलं, हॉटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं, वर मेतकूट. तूप नव्हतं, पण जीव परत आला.

सोमवारी ताप उतरला, पाय मात्र लटपटत होते. म्हणून स्टेशनपाशी डी नंबरच्या ट्राममध्ये बसलो ते शेवटपर्यंत, नुसडॉर्फला. खिडकीतून बेल्वेडेरे, ऑपेरा, पार्लमेंट, टाउन हॉल, सगळं बसल्या जागी. शहराची जुनी तटबंदी पाडून तिथे ट्रामच्या वाटेवरचा हा रिंगरोड 1865 मध्ये खुला केला, तो जणू माझ्यासारख्या आजाऱ्यांसाठीच. शेवटी द्राक्षाचे मळे दिसतात.

मंगळवारी कला-इतिहास संग्रहालयात (ते सोमवारी बहुतेक बंद असतं, बघून जा) एकाच दालनात बसून चित्रकार ब्रॉयगेलचं 1563 सालचं ‘बॅबेलचा मनोरा’ हे चित्र पाहिलं. किती तरी माणसं दगड वाहताहेत आणि मनोरा एका बाजूला कललेला. तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला, भारतातला नंबर. दालनातला गार्ड माझ्याकडे बघायला लागला. मी फोन कापला.

हो, एक राहिलंच. नळाचं पाणी बिनधास्त प्या, आल्प्सच्या झऱ्यांचं असतं. मी दोन दिवस बाटल्या विकत घेत होते.