घाटाकडची भिंत: आधी खडू, मग रंग

कोल्हापुरात गंगावेशीतून शुक्रवार पेठ धरून पंचगंगा घाटाकडं चालतच जा. रिक्षा केली तर गल्लीतली ही भिंत बघायची राहते: ३० फूट लांब, ८ फूट उंच, आणि आम्ही पोचलो तेव्हा तिच्यावर नुसत्या खडूच्या रेघा. चित्रकारांच्या एका गटानं पेठेतल्या लोकांना सोबत काम करायला बोलावलंय, पण पहिले दोन दिवस ब्रश काढायचाच नाही असं ठरलेलं. आम्हाला हेच सगळ्यात पटलं. ‘या, रंग भरा’ म्हणून माणसं गोळा करणं सोपं आहे; चित्र मात्र चित्रकारांचंच राहतं.

आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात लोक ब्रशला बिचकतात. खरं तर म्हणूनच बिचकतात, चांगलं काम बघितलेलं असतं. “मला कुठं येतंय, तुमचं तुम्ही काढा की,” हे ठरलेलं उत्तर. चुका दाखवायला मात्र कुणी लाजत नाही, आणि खडू लागतो तो तिथंच. दिवाळी पाडव्याच्या सजवलेल्या म्हशी काढल्या होत्या, शिंगं आखूड, गोल वळलेली. एक गवळीमामा थांबले. “ही मुऱ्हा झाली. आपली पंढरपुरी हाय, शिंग पार खांद्यामागं जातंय.” ओल्या फडक्यानं म्हशीचं डोकं पुसलं, मामांनी हातानं दाखवला तो बाक धरून शिंगं लांबवली, आणि त्यापायी शेजारची दीपमाळ हातभर सरकवावी लागली. रंग चढल्यावर एवढा फेरफार कोण करतंय?

कागदावरच्या चित्रावर आणि भिंतीवर चौकटी आखून चित्र मोठं करायचं; कागदावरचा १ इंच म्हणजे भिंतीवरचा १ फूट, असं माप. चौकटींसाठी सूत मारताना, म्हणजे पूड लावलेला दोरा ताणून भिंतीवर रेघ उमटवताना, निळीची पूड टाळा. ती रंगातून वर येते आणि पिवळा हिरवट दिसायला लागतो. पांढरा खडू दिसत नसेल तर प्रायमरमध्येच किंचित करडा रंग टाका.

खालच्या ३ फुटांचं गणित वेगळं. २०१९ च्या पुराचं पाणी या भागात शिरलं होतं, आणि एरवीही नदीकाठच्या भिंतीत पायातून ओल चढते. तिथं इमल्शन (वरच्या भागाला लावतात तो पाण्यात कालवायचा प्लास्टिकसारखा रंग) लावलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, मागं क्षार साठतात, रंग फुगतो आणि पोपडे सुटतात. म्हणून जुना रंग तारेच्या ब्रशनं खरवडून चुना: रात्रभर भिजवलेला, कापडातून गाळलेला, दुधाइतका पातळ, तीन हात. त्यात गेरू, पिवळी माती, काजळी असेच रंग टिकतात. बाजारातले बरेचसे स्टेनर, म्हणजे छटेसाठी मिसळायचे तयार रंग, चुन्यात फिके पडतात. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, त्यामुळं पोरांच्या उंचीचा नेमका हाच पट्टा पोरांना बंद! त्यांना बाकावर उभं करून वरचा भाग देतात. वरच्या ५ फुटांना, म्हणजे १५० चौरस फुटांना, प्रायमरचा एक हात. दीड-दोन लिटर पुरतो.

कुठं कुठला रंग ते कळावं म्हणून रंगांना नंबर, आणि ते भिंतीवर त्या त्या जागी पेन्सिलनं लिहायचे. मार्करची शाई दोन हातांतूनही वर येते. एका नंबरचा सगळा रंग एकाच बादलीत, एकदम कालवायचा. कमी पडला तर तीच छटा पुन्हा जमवणं अवघड, कारण इमल्शन वाळल्यावर गडद होतं. सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा. ब्रश ओढेना की जो तो पाणी घालतो, मग ओघळ. इथं पाणी घालायचा हक्क फक्त एका काकूंना. बाकीच्यांच्या हातात अर्धी वाटी रंग. काम वरून खाली, एका वेळी दहा-बारा माणसं. बाहेरच्या रेघा शेवटी चित्रकार मारतात, वाकड्या कडा त्यात झाकतात.

भिंतीचं तोंड पश्चिमेला. दुपारी ती तापते, रंग ओढता ओढता वाळतो आणि पट्टे उठतात, तेव्हा सकाळीच जा, जुने कपडे घालून. ब्रश धुतलेलं पाणी नदीत सोडत नाहीत: बादली रात्रभर ठेवतात, वरचं निवळ पाणी दुसऱ्या दिवशी ब्रश धुवायला, खालचा गाळ रद्दीवर वाळवून कचऱ्यात.