तुंबई आणि मामाचा फोन

जूनमधला पहिला जोराचा पाऊस पडला की तासाभरात आमच्याकडे सांगलीहून मामाचा फोन. "काय गं, पाणी शिरलं का घरात? इथं टीव्हीवर दाखवायलेत की सकाळपास्नं, हिंदमाता बुडालं म्हणून." आम्ही परळला, हिंदमात्यापाशीच, तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिसऱ्या मजल्यावर पाणी शिरलं तर फक्त परळ कशाला, अख्खी मुंबईच अरबी समुद्रात गेलेली असेल, पण हे मामाला सांगून उपयोग नाही, किती वर्षं सांगतेय. आणि गंमत अशी की फोन येतो तेव्हा आई पण तेच चॅनल लावून तेच पाणी बघत बसलेली असते. खिडकी बंद, कारण झड आत येते. खिडकी उघडून गॅलरीत चार पावलं टाकली तर खाली खरा रस्ता दिसतो, पण नाही. परवा ऑफिसला निघताना मी विचारलं, आई पाऊस थांबला का गं, तर म्हणे थांब, आता दाखवतील.

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते. हिंदमाता म्हणजे दादर आणि परळच्या मधला सखल भाग, थेटरवरून नाव पडलेलं, एरवी ड्रेस मटेरियल आणि साड्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. जागा अशी की आजूबाजूचं सगळं पाणी उतरून इथे येतं, बशीत चहा सांडल्यासारखं. इथून पाणी समुद्रात जायचं तर लांबचा प्रवास, आणि त्यात भरती असली की समुद्रच पाणी घेत नाही. म्हणून ४.५ मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी पावसाळ्याआधीच येते आणि चॅनलं ती यादी अशी वाचून दाखवतात की जणू त्या त्या दिवशी मुंबई बुडायची तारीखच पडलीय. नुसत्या भरतीने काही होत नाही हो, त्याच वेळेला वरून पाऊस कोसळला पाहिजे. पण हे दुसरं वाक्य स्क्रीनवर मावत नसावं. खाली लाल पट्टीत एकच, मुंबईची तुंबई. हा शब्द ज्याने पहिल्यांदा काढला त्याला रॉयल्टी मिळायला हवी होती, आज त्याचा बंगला असता.

मी लहानपणापासून या गॅलरीतून ते पाणी बघतेय आणि नंतर त्या पाण्यातले कॅमेरे पण बघितले, त्यामुळे सांगू शकते की शॉट कसा लागतो. पाणी सगळीकडे सारखं नसतं. दुभाजकाच्या एका बाजूला गुडघाभर, पलीकडे वीस पावलांवर फुटपाथ कोरडा, तिथे आमचा वडापाववाला कढई चढवून उभा. रिपोर्टर अर्थातच गुडघाभरात उभा राहणार आणि कॅमेरा खाली धरणार, म्हणजे पाण्याचा पत्रा लांबपर्यंत दिसतो आणि वडापाववाला फ्रेमच्या बाहेर राहतो. खोटं काहीच नाही त्यात. पाणी खरं, रिपोर्टरचे भिजलेले कपडे खरे, बंद पडलेली टॅक्सी खरी. फक्त वडापाववाला नाही. एकदा तर आमच्या वाडीतली पोरं टॅक्सी ढकलत होती (टॅक्सी ढकलून पैसे कमवणं हा इथला पावसाळी धंदा आहे, मान्यताप्राप्त) तर एका कॅमेरावाल्याने त्यांना हाक मारली, अरे जरा मागे नेऊन परत आणा ना, शॉट गेला. पोरांनी आणली परत. ड्रायव्हर बिचारा आत बसून, आपण पुढे जातोय की मागे हेच त्याला कळेना. रात्री तो शॉट किती वेळा दाखवला असेल? आमच्या पोरांनी मोजला, अकरा वेळा, आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यात लाइव्ह लिहिलेलं. पाणी तोपर्यंत ओसरून तीन तास झाले होते.

त्या लोकांना नावं ठेवायची नाहीत मला. पहाटे पाचपासून उभे असतात, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, स्वतःला ती पण नाही. आईने कितीदा वर बोलावून चहा दिलाय. त्यातल्या एका पोरीला मी विचारलं, तुम्ही दरवर्षी इथेच का येता गं, तर ती सरळ म्हणाली, ताई, इथे गाडी पटकन पोचते. एवढंच! आणि खरंच आहे, बरीचशी चॅनलं महालक्ष्मी, लोअर परळ, वरळी या पट्ट्यातली, सकाळी सातच्या बातमीला पाणी हवं तर सगळ्यात जवळचं पाणी आमचं. मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट हे बाकीचे ठरलेले कलाकार, पण हिरो आम्ही. आणि एकाने दाखवलं की दुसऱ्याला दाखवावंच लागतं, कारण दर आठवड्याला रेटिंगचे आकडे येतात, देशात टीव्हीची घरं वीस कोटींच्या वर आणि कोण काय बघतं ते मोजणारं मीटर लावलेली घरं साधारण पन्नास-साठ हजार, त्या घरांनी चॅनल बदलू नये म्हणून आमच्या रस्त्यावरचं पाणी ओसरू द्यायचं नाही.

माझ्या लहानपणी असं नव्हतं असं मी म्हणणार होते पण तेव्हा दुसरीच तऱ्हा होती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आमच्या वाडीत टीव्ही आला त्याच्या खूप नंतर, एका घरात, आणि सगळी वाडी त्या घराच्या दारात. पावसाची बातमी म्हणजे एक-दोन वाक्यं, बाकी पाऊस किती पडला ते दुसऱ्या दिवशी पेपरात, कुलाबा इतका, सांताक्रूझ इतका, कारण पाऊस मोजायची केंद्रं तिथे. लहानपणी मला वाटायचं मुंबईत ही दोनच गावं आहेत. आमच्याकडे पाणी भरलं हे सांगलीला कळायचं ते आईने पत्रात लिहिलं तर, आणि आई कशाला लिहिते, दरवर्षीचंच ते.

ते कुलाबा-सांताक्रूझ मला नीट कळलं २६ जुलै २००५ ला. मी फोर्टात, म्हणजे कुलाब्याच्याच बाजूला, ऑफिसात होते. पाऊस होता, पण असा रोजचा. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात! माझ्या खिडकीतून जे दिसत होतं ते अगदी खरं होतं आणि तरी त्यावरून मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. दादा अंधेरीला कामाला. फोन लागेना, मोबाइल तर मेलेच. चोवीस तास बातम्या देणारी मराठी चॅनलं तेव्हा नव्हती, ती आली २००७ मध्ये, म्हणून आई हिंदी चॅनल लावून बसलेली आणि त्यात पण नुसती पाण्यातली डोकी, कुठली काय ओळखू येत नव्हतं. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आला, पायाची सालटी निघालेली. तो म्हणाला रात्रभर तिकडे लाइट नव्हते, टीव्ही नाही, काही नाही, कोण म्हणतं धरण फुटलं, कोण म्हणतं अजून पाणी येतंय, आणि प्रत्येक वेळी लोक उठून पळायला लागायचे. त्यानंतर २८ तारखेला जुहूच्या नेहरू नगर झोपडपट्टीत अशाच अफवेने, धरण फुटलं, त्सुनामी आली, चेंगराचेंगरी झाली आणि माणसं गेली. त्सुनामी हा शब्द तरी आधीच्या डिसेंबरपासून टीव्हीनेच घरोघरी पोचवला होता म्हणा. पण त्या रात्री टीव्ही असता, कोणी शहाण्या माणसाने पडद्यावर येऊन सांगितलं असतं की धरणं शाबूत आहेत, तर? म्हणून कोणी म्हणालं ना की टीव्ही बंदच करून टाका सगळे, सुखी व्हाल, तर मला दादाची ती रात्र आठवते.

मग आमच्या हिंदमात्याचं काय झालं, तर काम झालं. २०२१-२२ च्या सुमारास परळच्या झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, भरतीच्या वेळेला पाणी तिथे ओढून घ्यायचं, ओहोटी लागली की सोडायचं. दोन फ्लायओव्हरच्या मधला रस्ता पण उचलून घेतला. पाणी आता पूर्वीसारखं तासन् तास राहत नाही. यात इंजिनिअर लोकांचं काम आहेच पण माझं सरळ मत, दरवर्षी टीव्हीवर अब्रू जायची म्हणून हे झालं. म्हणजे त्या अकरा वेळा दाखवलेल्या टॅक्सीचा पण त्यात थोडा वाटा आहे, आमच्या पोरांना हे अजून सांगितलेलं नाही, नाहीतर मानधन मागतील.

पण मग हे उलटं पण खरं ना, की जिथे गाडी पटकन पोचत नाही तिथे टाकी पण पटकन येत नाही. माझी धाकटी बहीण नालासोपाऱ्याला असते. गिरण्या गेल्या तशी इथली किती माणसं तिकडे विरार-नालासोपारा नाहीतर डोंबिवलीच्या पलीकडे गेली. २०१८ च्या जुलैत तिकडे रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, तिच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर कमरेएवढं पाणी, लाइट गेले ते दुसऱ्या दिवशी पण नाहीत, दुधाची पिशवी दुप्पट भावाने. पहिल्या दिवशी मी चॅनलं फिरवत बसले, तर सगळीकडे हिंदमाता. म्हणजे माझाच रस्ता, जो मला गॅलरीतून दिसत होता आणि जिथे एव्हाना बस चालू झाली होती. नंतर दाखवलं तिकडचं पण, नाही असं नाही, हेलिकॉप्टरमधून वगैरे. धाकटीला मी फोनवर सांगितलं की तुमचं दाखवतायत गं आता, तर ती म्हणाली, बरं झालं, बघून सांग पाणी कुठपर्यंत आहे, मला तर मेणबत्तीत काय दिसतंय.

आणि मामाला हसणं मी बंद केलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. सांगलीला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलावरून मोजतात, ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी ते ५७ च्या वर गेलं. मामाचं घर गावभागात. दोन दिवस फोन लागला नाही. आणि आई, जी खिडकी उघडून स्वतःचा रस्ता बघत नाही, ती टीव्हीच्या इतकी जवळ जाऊन बसली की मी तिला मागे ओढत होते. हा हरभट रोड का गं? ही मारुती चौकातली कमान का? रिपोर्टर होडीतून चाललेला, तो काहीतरी आकडे सांगत होता, आई ते ऐकतच नव्हती, ती त्याच्या खांद्याच्या मागे बघत होती. घरांच्या माड्या, वाळत घातलेली लुगडी, पत्र्यावर बसलेली माणसं. एकदा ओरडली, ते बघ, ते आपलं निळं दार! आणि कॅमेरा फिरला. मग आम्ही रात्री दीडपर्यंत ते परत दाखवतील म्हणून बसलो. आधी मी ज्याला शिव्या घालायचे ना, तोच तोच शॉट फिरवून फिरवून दाखवतात म्हणून, त्या रात्री मी अक्षरशः हात जोडून म्हणत होते, दाखवा रे बाबांनो परत एकदा. नाही दाखवला. मामा तोवर विश्रामबागेत एका नातेवाइकाकडे सुखरूप होता, तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा कळलं. निळं दार त्याचं नव्हतंच, त्याने आधीच्या दिवाळीत हिरवा रंग दिला होता.

हल्ली टीव्हीच्या आधी मोबाइलवर येतं सगळं. यंदा पहिल्याच पावसात फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला, हिंदमाता आत्ताची परिस्थिती, खाली हात जोडलेले इमोजी, छातीभर पाणी. मी गॅलरीत जाऊन बघितलं, रस्ता नुसता ओला. परत व्हिडिओ बघितला तर मागच्या दुकानाच्या पाटीवर चक्क तमिळ अक्षरं. मी ग्रुपवर लिहिलं की हे आमचं नाही, आणि खालच्या रस्त्याचा फोटो काढून टाकला. माझ्या फोटोला दोन अंगठे, त्या व्हिडिओला सतरा. एका चुलतभावाने तर लिहिलं, ताई तू जुना फोटो टाकला असशील.

त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. या वेळी मी आईच्या हातात दिला.

"नाही रे अण्णा, कुठलं पाणी, रस्ता कोरडा आहे," आई म्हणाली. बघितलं कोणी होतं, मी. मग म्हणाली, "तुमच्या पुलाला किती फूट झालं?"

मामा पलीकडून हसला असावा, कारण आई पण हसली. जूनमध्ये कुठलं आलंय पुलाला पाणी. दहा मिनिटं मग बोलत होते, गुडघे, भाचीचं लग्न, शेंगदाण्याचा भाव. फोन ठेवला आणि आईने रिमोट उचलला.

"आता काय बघतेस?"

"काही नाही गं. सांगलीचं काही दाखवतायत का बघते."