तोरणमाळची रात्र आणि डॉक्टरांचा कागद

दिवाळीच्या सुट्टीत तोरणमाळला जायचं ठरलं, आणि घरात पहिली चर्चा झाली ती दशम्या किती करायच्या याची. आम्ही धुळ्याचे. सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि आमची दोन, असा लवाजमा. आमचा धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा, वजन बारा किलो. वजन मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचं काम पडणार आहे.

निघण्याआधी मी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. जाताना डोक्यात एवढंच होतं, की औषधांची यादी घेऊन यायची. डॉक्टरांनी आधी पोराला काट्यावर उभं केलं आणि मग विचारलं, "घरात पॅरासिटामॉलची कुठली बाटली आहे?" मला रंग आठवत होता, आकडा नाही. ते म्हणाले, आकडाच महत्त्वाचा. काही बाटल्यांत पाच मिलीला 120 मिलिग्रॅम औषध असतं, काहींत 250. किलोमागे 15 मिलिग्रॅमच्या हिशेबानं आमच्या पोराला पहिल्या बाटलीतलं साडेसात मिली लागतं आणि दुसऱ्या बाटलीतलं जेमतेम साडेतीन. चमचा तोच ठेवून बाटली बदलली तर डोस थेट दुप्पट. म्हणून त्यांनी कागदावर बाटलीची ताकद, मिली आणि दोन डोसांमधलं अंतर लिहून दिलं, खाली तारीख टाकली.

खोकल्याचं औषध मागितलं तर सरळ नाही म्हणाले. दोन वर्षांखाली ते द्यायचंच नाही आणि पाचच्या आतही सहसा नको, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यांना कळवलं होतं, ती बातमी ताजी होती. त्याच महिन्यात एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी) हा शब्द वापरायला बंदी केली. त्यामुळे मेडिकलवाल्याकडून पाकिटावर डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा, फॉर्म्युला छापलेला बघूनच पावडर घेतली. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं 200 मिलीचं. हे आधी बघून ठेवावं. रात्री दोनला बारीक अक्षरं वाचवत नाहीत.

कागदाच्या मागच्या बाजूला डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'इथे थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.' सहा तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेले, पोटात काहीच टिकत नाही, शौचात रक्त, झटका, धाप, किंवा पोर नेहमीसारखं ओळख देत नाही. यांतलं एक जरी दिसलं तरी घरच्या घरी बघत बसायचं नाही. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून थर्मामीटरसोबत ठेवला.

गाडीत वेगळंच रामायण. मुलांची सीट मी मैत्रिणीकडून मागून आणलेली. त्याला पट्ट्यात अडकवताना सासूबाई म्हणाल्या, "पोरले कसाले बांधी राहिनी?" मांडीवर बसलेलं लेकरू ब्रेक लागला की हातात राहत नाही, हे मी सांगून बघितलं. उपयोग शून्य. मग दिरांना सांगितलं, की चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा सीटशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे. दंड म्हटल्याबरोबर दिरांनी स्वतः खाली उतरून चारही पोरांचे पट्टे तपासले.

दोंडाईच्यावरून निघालो, सारंगखेड्याला तापी ओलांडली आणि शहाद्यात हलकं खाऊन घेतलं. पुढे सातपायरी घाट आहे हे ठाऊक होतं. वळणावर पोट ढवळतं ते बहुतेक दोन ते बारा वर्षांच्या मुलांचं, म्हणून मोबाईल बंद, नजर लांबच्या डोंगरावर आणि खिडकी थोडी उघडी. तरी मोठ्या पुतण्याला एकदा उलटी झालीच. पिशवी त्याच्याच हातात दिलेली होती, त्यामुळे गाडी वाचली.

वर यशवंत तलावाजवळ आम्ही एक नियम केला. दिरांची जुनी टोपी ज्याच्या डोक्यावर, त्यानं फक्त मुलं बघायची. फोन नाही, फोटो नाही, गप्पा नाहीत. टोपी उतरवायची ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवूनच. बुडणारं मूल बऱ्याचदा हाकही मारत नाही, आणि सगळेच बघत असले की कुणीच बघत नसतं. जाऊबाईंना हे नाटक वाटलं, पण टोपी त्यांनीच सगळ्यात कडक सांभाळली.

संध्याकाळपासून धाकट्याला जुलाब सुरू झाले. पाणी उकळलेलंच पाजत होतो, मग कशानं झालं कोण जाणे. बर्फाच्या गोळ्यावर माझा संशय आहे, पण तो पुराव्यानिशी सिद्ध करता येणार नाही. रात्री काखेत थर्मामीटर लावला तर 102. जाऊबाईंनी त्यांची बाटली पुढे केली. ती 120 ची, माझी 250 ची. "अर्धा चमचा दे", "दीड दे" असं सुरू झाल्यावर मी कागद काढला, माझ्याच बाटलीतलं साडेतीन मिली मोजलं आणि वेळ लिहून ठेवली.

मग ओआरएस. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट, अर्धं नाही. त्यानं दोन घोट घेतले आणि ओकला. दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा चमच्यानं, सावकाश. हे काम फार कंटाळवाणं आहे, पण घाई केली की पोटातलं सगळं बाहेर येतं. ताप उतरला. लघवी मात्र संध्याकाळनंतर झालीच नव्हती.

रात्री एकच्या सुमारास, दवाखान्यात लगेच न्यायचं का, यावरून वाद पेटला. सासूबाई म्हणाल्या, "सकायले उतरी जाई." दीर म्हणाले, धुक्यात घाट उतरणं बरं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. नवरा म्हणाला, अजून तासभर बघू. तिघांनाही पोराची तेवढीच काळजी होती. मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि 'सहा तास' या शब्दांवर बोट ठेवलं. दिरांनी वाचलं, घड्याळ बघितलं आणि चपला घातल्या. घाट उतरायचाच नव्हता. आम्ही गावातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. तो कुठे आहे आणि रात्री कुठलं दार वाजवायचं, हे आल्या आल्याच मुक्कामाच्या मालकाला विचारून ठेवलं होतं. 108 चा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये होता, पण डोंगरात रेंजचा भरवसा धरू नये.

अंगातलं पाणी किती कमी झालंय ते बघायला सिस्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तोंड ओलं आहे का बघितलं. सासूबाईंनी लगेच सलाईनची मागणी केली. आपल्याकडे सलाईन लागल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "माय, पोरगं पितंय ना? मग पोटातूनच जाऊ द्या. सुई लागली तर मी लावेन." आणि आम्हाला तिथेच बसवून त्यांनी चमचा-चमचा पाजायला लावलं. पहाटे त्यानं लघवी केली. मोठी दिवाळी झाली म्हणायची. निघताना झिंकच्या गोळ्या मिळाल्या, रोज 20 मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब थांबल्यावरही बंद करायच्या नाहीत. घरी आल्यावर सासूबाईंनी त्या बंद करायचा प्रयत्न केला आणि नातीनं, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या मुलीनं, त्यांना कॅलेंडरवरच्या खुणा दाखवल्या.

आता चैत्रात जाऊबाईंना मुलांना घेऊन सप्तशृंगीला जायचंय. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे तो कागद फोटो काढायला मागितला. मी दिला नाही. त्यावर बारा किलोचे डोस आहेत, त्यांचा धाकटा अठराचा आहे. डॉक्टरांची वेळ घेऊन दिली.