हेलसिंकी ते टोकियो : साडेनऊ तास विसरा

अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळाने मला सरळ गंडवलं. हेलसिंकी ते टोकियो साधारण 7,800 किमी, उड्डाण साडेनऊ तास. एवढं काढता येईल म्हणून मधली सीट घेतली आणि 40 युरो वाचवले. प्रत्यक्षात लागले तेरा तास.

आकडा खोटा नाही, जुना आहे. फेब्रुवारी 2022 पासून फिनलंडच्या विमानांना रशियाचं आकाश बंद आहे आणि सरळ वाट नेमकी सैबेरियावरून जाते. जपान पूर्वेला, आणि समोरच्या पडद्यावरचं आमचं विमान निघालं दक्षिणेला! पोलंड, काळा समुद्र, कॅस्पियन, कझाकस्तान, चीन असा वळसा. अंतर अकरा-बारा हजार किमीच्या घरात गेलं. तो नकाशा पाहिला तेव्हा माझा हिशोब चुकल्याचं कळलं.

तिकिटाचंही नीट वाचन केलं नव्हतं. सुटणार 17:45, पोचणार दुसऱ्या दिवशी 13:30. हिवाळ्यात टोकियो सात तास पुढे असतं, ते वजा केलं की जवळजवळ तेरा तास उरतात. मी वजाबाकीच केली नाही. परतीला उलटा घोळ: रात्री अकराला निघून पहाटे पाचला हेलसिंकी, म्हणजे घड्याळात सहाच तास. तेही तेराच.

पहिले नऊ तास ठीक गेले. दहाव्या तासाला गुडघे समोरच्या सीटला टेकून सुन्न झाले. डावीकडचे आजोबा खिडकीला डोकं टेकून घोरत होते, उजवीकडच्या बाई ट्रेवर हात ठेवून झोपल्या होत्या. त्यांना उठवायचा धीर होईना. अकराव्या तासाला उठवलं. बाराव्याला पुन्हा. त्यांनी तिसऱ्यांदा माझ्याकडे जसं पाहिलं, त्यापुढे 40 युरो काहीच नाहीत. आइलची, म्हणजे वाटेलगतची सीट घ्या. पैसे नसतील तर जेवणात काटकसर करा, सीटमध्ये नको.

विमान सुटतं तेव्हा टोकियोत रात्रीचा पाऊण वाजलेला असतो. म्हणून चढल्याचढल्या झोपा, पहिलं जेवण सोडलं तरी चालेल. मी जेवलो, दोन सिनेमे पाहिले, आणि टोकियोच्या नारिता विमानतळावर प्रेतासारखा उतरलो. 'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या संकेतस्थळावर प्रवेशाचे फॉर्म आधीच भरून क्यूआर कोड हाताशी ठेवा, तेवढं एक मी शहाणपणानं केलं होतं. हा विमानतळ टोकियो शहरापासून साठेक किमी लांब आहे, रेल्वेने टोकियो स्टेशन गाठायला आणखी तासभर लागतो. टॅक्सीचा विचारही करू नका. निघण्याआधीचे तीन तास धरले तर दारापासून दारापर्यंत अठरा-एकोणीस होतात.

जपानातले आठ दिवस उत्तम गेले.

परतीला विमान रशिया आणि अलास्काच्या मधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून उत्तर ध्रुवाकडे वळलं. जेट प्रवाहाच्या, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या तोंडावर पश्चिमेला जाण्यापेक्षा ही वाट परवडते. डिसेंबर असल्याने तेरा तास बाहेर मिट्ट काळोख. ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र दिलं. यावेळी आइलला होतो, त्यामुळे ते मला फार आवडलं.

तिकीट काढण्याआधी विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर त्याच फ्लाइटच्या मागच्या चार दिवसांच्या वेळा बघा. मोजणी संकेतस्थळं नुसती पृथ्वीवर दोरी ताणतात.