कॅलिपर रंगवायचेत? आधी गोडं पाणी मारा

रत्नागिरीत समुद्राच्या बाजूला ज्याची गाडी उघड्यावर उभी असते त्याला गंज काय असतो ते शिकवायला नको. गेटची कडी, सायकलची चेन, टाकीची पट्टी, सगळंच हळूहळू तांबूस होत जातं आणि आपली नजर पण त्याला सरावते. साधी लोखंडी रिम आणि वर प्लास्टिकची व्हील कॅप असते तोवर ब्रेकचं काही दिसतच नाही, पण एकदा का हौसेने उघडी अलॉय व्हील टाकली की आतला गंजलेला कॅलिपर, म्हणजे ब्रेकची पॅड डिस्कवर दाबणारा भाग, भर रस्त्यात सगळ्यांना दाखवत फिरायचं. मग सुचतं, रंगवूया की.

रंगवा, मी पण रंगवलेत, लालच. त्यावर आमच्याकडे "काय रे, फेरारी घेतलीस काय" हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं. फक्त त्यावर ब्रेम्बोचा स्टिकर चिकटवू नका राव. आपल्या हॅचबॅकला पुढे एका पिस्टनचा बिडाचा सरकता कॅलिपर आणि मागे बहुतेक वेळा ड्रमच, त्यावर त्या इटालियन ब्रेक कंपनीचं नाव म्हणजे उगाच हसं.

तर बीड. बिडाचा तवा घासून ओलाच ठेवला की सकाळी कसा लाल होतो, कॅलिपरचं तेच आहे, आणि इथे पाण्यात मीठ पण आहे. वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, उरलेले महिने खारा वारा, आणि पाहुणे आले की गाडी वाळूत घालायची हौस. आमचे एक काका बरीच वर्षं बोटीवर होते, त्यांनी मला डबा आणि ब्रश घेऊन बसलेला बघितलं आणि पहिलंच वाक्य, "गोडं पाणी मारलंस का?" बोटीला रंग देताना ते आधी गोड्या पाण्याने धुवून काढायचेच, नाहीतर रंगाखाली राहिलेलं मीठ ओलावा खेचत बसतं, फोड येतात आणि रंग पापुद्र्यासकट निघतो. कॅलिपरला अगदी हेच लागू आहे. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ थेट तारेच्या ब्रशने सुरुवात करतात, ते त्यांच्या गावाला ठीक असेल. इथे आधी नळीने भरपूर गोडं पाणी, चाकाच्या आतल्या बाजूने पण, मग सुकू द्या, मग ब्रश.

गाडी उचलायची तर नट आधी चाक जमिनीवर असतानाच ढिले करा, हँडब्रेक, गाडी गियरमध्ये, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जॅकने उचलल्यावर खाली घोडी (जॅक स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर काम करू नका. आणि आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात म्हणून घोडीच्या जागी चिरा सरकवायची सवय आहे लोकांना, ती सोडा, जांभा दगड कधी कुठून फुटेल सांगता येत नाही.

चाक काढलं की आता खरी मजा, कारण माझ्या मते रंग हा निव्वळ बहाणा आहे, त्या निमित्ताने तुम्ही ब्रेक नीट बघता हा खरा फायदा. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्या पिनांवर रबरी बूट असतात, बूट फाटला की आत खारं पाणी, पिन गंजून जाम, आणि मग कॅलिपर सरकतच नाही, आतलं पॅड झिजून पत्र्याला येतं आणि बाहेरचं अजून जाडजूड. हे कळायला चाक काढायलाच पाहिजे असं पण नाही. कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलात की दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका, जवळ न्या फक्त. एक बाजू जास्त तापलेली असेल किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल तर तिकडे काहीतरी अडकतंय. अशा गाडीला आधी पिना करून घ्या, रंग नंतर.

पिना स्वतः काढणार असाल तर कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. ग्रीस सिलिकॉनचंच किंवा ब्रेकसाठी म्हणून जे मिळतं तेच. गॅरेजात सगळं रॉकेल-डिझेलमध्ये बुडवून धुवायची पद्धत असते पण ब्रेकच्या रबराला ते चालत नाही, रबर फुगतं आणि तीच पिन परत अडकते. साफ करायला ब्रेक क्लीनरचा स्प्रे, तो उडून जातो, मागे काही चिकट राहत नाही. आणि पॅडची काळी धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या किंवा स्वस्तातल्या पॅडमध्ये काय असेल भरवसा नाही, ओल्या फडक्याने पुसलेली बरी.

तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. सैल गंज सगळा निघाला पाहिजे, खोल खड्ड्यातला थोडा राहतो त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावला की तो काळा पडतो आणि थांबतो. कंटाळा येतो, हात भरून येतात, पण हे काम जेवढं नीट तेवढाच रंग टिकतो, बाकी ब्रँडचं वगैरे सगळं नंतर.

मास्किंग टेप कुठे लावायची हे मात्र नीट बघा. पिस्टनचं रबर, पिनांचे बूट, ब्लीडरचं (ब्रेकमधली हवा काढायचं) निपल, नळीचा जोड, आणि पॅड ज्या खाचांमध्ये सरकतं त्या जागा. त्या खाचेत रंग बसला तर पॅड अडकणार आणि इतकं करून आपणच ब्रेक बिघडवून ठेवणार. डिस्कला वर्तमानपत्र गुंडाळा. पावसात रात्रभर उभी राहिली की डिस्कवर जो नारिंगी थर येतो त्याची चिंता करू नका, चार ब्रेक मारले की जातो. डिस्कचा मधला भाग आणि कडा रंगवल्या तर चालतं, पॅड घासतं तिथे चुकूनही नाही.

रंग साधा ऑइलपेंट नको, जळून तपकिरी होतो. कॅलिपरसाठीचा वेगळा मिळतो, स्प्रेमध्ये पण आणि ब्रशने लावायचा दोन डब्यांचा पण. डब्यावर किती डिग्रीला टिकतो ते लिहिलेलं असतं, २५०-३०० च्या खालचा मी घेणार नाही. उघड्यावर काम असेल तर ब्रशवाला सोपा, स्प्रे वाऱ्याने अर्धा शेजारच्यांच्या वाळवणावर जातो. पातळ थर द्या, मध्ये डब्यावर सांगितलाय तेवढा वेळ सोडा, एकदम जाड थापलात की ओघळ येणार.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात हवा इतकी दमट की रंग सुकतच नाही, वर पांढुरकी साय धरते. थंडीत पण वेळ बघा, पहाटे दव असतं, ते उडालं की जमिनीकडून येणारा कोरडा वारा असतो, शाळेत शिकलेले मतलई वारे ते हेच, आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. तर सकाळी ऊन वर आल्यापासून जेवणाआधी उरकून घ्या, नाहीतर धुतलेलं मीठ परत येऊन बसणार.

एक अजून, ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, लगेच पाण्याने धुवा. आणि ते ऑइल हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ प्रतीचं ऑइल नवीन असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओलावा धरला की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आपल्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलायचं टाळू नका, घाट उतरताना ऑइल उकळून पेडल मऊ पडणं म्हणजे काय ते अनुभवायची गरज नाही.

चाक बसवून गाडी खाली घेतली, नट क्रॉसमध्ये आवळले, की इंजिन चालू करून आधी ब्रेकचं पेडल दाबत राहा, ते कडक होईपर्यंत गाडी हलवायची नाही, कारण पिस्टन मागे ढकलला असेल तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग सपाट रस्त्यावर हळू एक चक्कर.

मागच्या ड्रमला मी काळा मारला, लाल ड्रम अगदीच जत्रेतल्या पाळण्यासारखा दिसतो. पावसाळ्यात चार दिवस गाडी हलणार नसेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, आतले लायनर ड्रमला चिकटतात, गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. त्या कामाला चिरा चालेल.